कुलूप आहे, पण दार कुणाचं?

२०१२ साली जर्मनीतल्या हॅनोव्हर आणि मारबुर्ग इथल्या विद्यापीठांतल्या काही संशोधकांनी एका अँटिव्हायरस ॲपची फजिती केली. हे ॲप वेळोवेळी आपल्या सर्व्हरकडून नव्या व्हायरसांच्या खुणांची यादी मागवायचं. संशोधकांनी ॲप आणि सर्व्हर यांच्या मधोमध स्वतःचा एक तोतया सर्व्हर बसवला आणि त्यावरून ॲपला एक यादी धाडली. यादीत व्हायरस म्हणून खूण दिली होती ती खुद्द त्या ॲपचीच. ॲपने यादी निमूटपणे घेतली, फोन तपासला आणि जाहीर केलं, की तुमच्या फोनमध्ये एक घातक प्रोग्राम सापडला आहे, तो काढून टाका. तो प्रोग्राम म्हणजे ते स्वतःच होतं.

प्रकार हसण्यासारखा आहे, पण यात संशोधकांनी कुठलंही कुलूप फोडलं नव्हतं. ॲप आणि तोतया यांच्यातलं संभाषण पूर्णपणे कूटबद्ध होतं. वाटेत तिसऱ्या कुणी कान लावला असता, तर त्याला काहीही कळलं नसतं. ॲपने फक्त एक प्रश्न विचारायचा टाळला होता: तू कोण?

त्याच अभ्यासात त्यांनी गूगलच्या स्टोअरमधली १३,५०० लोकप्रिय मोफत ॲप्स चाळली. त्यांपैकी १,०७४ ॲप्समध्ये हा प्रश्न टाळू शकेल असा कोड सापडला. मग शंभर ॲप्स निवडून प्रत्यक्ष हल्ला करून पाहिला. ४१ ॲप्स फसली. बँक खाती, क्रेडिट कार्डं, ईमेल, सोशल मीडियाचे पासवर्ड असं सगळं तोतयाच्या हाती लागत होतं. स्टोअरवरच्या आकड्यांनुसार ही ४१ ॲप्स ३ कोटी ९५ लाख ते १८ कोटी ५० लाख वेळा उतरवून घेतलेली होती.

आज आपण दिवसभरात फोनवरून पैसे पाठवतो, तिकिटं काढतो, डॉक्टरांचे रिपोर्ट पाहतो. दर वेळी आपल्या नकळत आपलं ॲप पलीकडच्या सर्व्हरला ओळखपत्र मागतं आणि ते तपासतं. निदान तसं अपेक्षित असतं. या तपासणीचा इतिहास पन्नास वर्षांचा आहे. त्यात गणिताने फारसा दगा दिलेला नाही. दगा दिला आहे तो तपासायचं राहून गेल्याने.

एक डिरेक्टरी, एक विद्यार्थी

१९७६ पर्यंत गुप्त संदेशांची एक जुनी अडचण होती. दोघांना गुपचूप बोलायचं असेल, तर दोघांकडे आधीपासून एकच किल्ली असायला हवी. ती पोचवायची कशी? दूताबरोबर, राजनैतिक टपालाने, हातोहात. ज्याला कधी भेटलोच नाही, त्याच्याशी गुप्तपणे बोलण्याची सोय नव्हती.

त्या वर्षी व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी या अडचणीवर तोड सुचवली. किल्ल्यांची जोडी करायची. एक जगजाहीर, एक खाजगी. जगजाहीर किल्ली म्हणजे उघडं कडीचं कुलूप समजा. कुणीही ते घेऊन आपल्या पेटीला लावावं, पण उघडता येणार फक्त खाजगी किल्लीवाल्याला. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ही कल्पना प्रत्यक्षात उतरवणारी पद्धत शोधली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती आरएसए म्हणून ओळखली जाते.

आता नवा पेच उभा राहिला. माझ्या हातात आलेलं हे उघडं कुलूप खरोखर बँकेचंच आहे, की वाटेत कुणी ते बदलून स्वतःचं ठेवलं? तसं झालं, तर मी माझी पेटी अगदी मन लावून चोराच्याच कुलपात बंद करणार. चोर ती उघडणार, वाचणार, मग बँकेचं खरं कुलूप लावून पुढे पाठवणार. मला आणि बँकेला दोघांनाही पत्ता लागणार नाही. डिफी-हेलमन यांनी सुचवलेला उपाय टेलिफोन डिरेक्टरीसारखा होता: सगळ्यांच्या जगजाहीर किल्ल्यांची एक सार्वजनिक यादी ठेवा, आणि तिच्यात पाहून घ्या.

१९७८ मध्ये एमआयटीतला लोरेन कोनफेल्डर हा विद्यार्थी आपल्या पदवीच्या प्रबंधात या डिरेक्टरीबद्दल विचार करत होता. त्याचे मार्गदर्शक होते आरएसएमधले एडलमन. कोनफेल्डरला दिसलं, की दर संभाषणाआधी सगळं जग एकाच यादीपाशी येऊन थडकणार असेल, तर ती यादीच गळ्याचा फास होईल. मग त्याने यादीतली एकेक ओळ सुटी केली. 'ही किल्ली अमक्याची आहे' एवढंच एका नोंदीत लिहायचं, त्याखाली यादी सांभाळणाऱ्याने डिजिटल सही करायची, आणि ती नोंद ज्याची त्याला बरोबर बाळगायला द्यायची. या सहीच्या नोंदीला त्याने नाव दिलं सर्टिफिकेट.

आपल्याकडच्या जुन्या पत्रव्यवहारात शिक्का आणि मोर्तब असायचे. शिक्का सांगायचा की पत्र कुणाचं, आणि शेवटचं मोर्तब सांगायचं की मजकूर इथे संपला, यापुढे कुणी काही जोडलं तर ते खोटं. डिजिटल सही ही दोन्ही कामं एकदम करते. सर्टिफिकेटमधलं एक अक्षर बदललं, तरी सही जुळत नाही.

पण शिक्कामोर्तब कितीही पक्कं असलं, तरी पत्र घेणाऱ्याने ते पाहिलंच नाही, तर त्याचा उपयोग शून्य. कोनफेल्डरने तपासणीचं ओझं मध्यवर्ती यादीवरून काढून प्रत्येक वाचकावर टाकलं. योजना म्हणून ते शहाणपणाचंच होतं. फक्त प्रत्येक वाचक खरंच तपासेल, हे त्यात गृहीत होतं.

टीसीचे तीन प्रश्न

१९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने सर्टिफिकेटचा एक ठरीव नमुना जाहीर केला. त्याचं नाव एक्स.५०९. फोनमध्ये आजही तोच चालतो. १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीने एसएसएल नावाची पद्धत जगासमोर आणली, कारण वेबवर दुकानं थाटायची तर लोकांनी कार्डाचा नंबर निर्धास्तपणे टाकायला हवा होता. त्याच वर्षी व्हेरिसाइन ही कंपनी सर्टिफिकेटं देण्याच्या धंद्यात उतरली. पत्त्याच्या आधी दिसणारं 'एचटीटीपीएस' आणि ब्राउझरमधलं छोटं कुलूप ही त्या काळाची देणगी. पुढे एसएसएलची जागा टीएलएसने घेतली, पण बोलताना लोक अजून एसएसएलच म्हणतात.

सर्टिफिकेट तपासणं म्हणजे काय, ते रेल्वेच्या टीसीच्या नजरेने पाहू. आरक्षित डब्यातला टीसी तीन गोष्टी बघतो. तिकीट रेल्वेनेच दिलं आहे ना? त्यावरचं नाव आणि समोर बसलेला माणूस एकच ना? तारीख आजचीच ना? सर्टिफिकेटचंही तसंच. त्यावरची सही विश्वासू संस्थेची आहे का, त्यावरचं नाव आपण ज्या सर्व्हरकडे निघालो त्याचंच आहे का, आणि त्याची मुदत संपलेली किंवा ते रद्द झालेलं नाही ना?

तिन्ही प्रश्न विचारावे लागतात. पहिला विचारून दुसरा सोडला, तर दुसऱ्याच्या नावाचं अस्सल तिकीट घेऊन कुणीही खिडकीशी बसेल. स्वतःच्या वेबसाइटसाठी अस्सल सर्टिफिकेट मिळवणं अवघड नसतं. ते दाखवून कुणी बँकेच्या जागी उभं राहिलं आणि ॲपने नाव वाचलंच नाही, तर पहिल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर मिळूनही काही साधत नाही.

पहिला प्रश्नही दिसतो तेवढा सोपा नाही. मूळ संस्था सहसा थेट सही करत नाही. ती मधल्या संस्थेला अधिकार देते आणि ती मधली संस्था वेबसाइटला सर्टिफिकेट देते. त्यामुळे एक साखळी तयार होते आणि तिची प्रत्येक कडी पाहावी लागते. २००२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक या संशोधकाने दाखवलं, की मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर सह्या पाहायचा, पण सही करणाऱ्याला तो अधिकार होता का, हे पाहत नव्हता. पदवी मिळाली म्हणून कुणाला पदव्या वाटण्याचा अधिकार मिळत नाही. इथे मात्र कुठल्याही साध्या वेबसाइटचा मालक दुसऱ्या कुणाच्याही नावाचं सर्टिफिकेट बनवू शकत होता, आणि तेव्हाचा जगातला सर्वांत जास्त वापरला जाणारा ब्राउझर ते स्वीकारत होता.

ती चूक दुरुस्त झाली. ब्राउझर मोजकेच होते, त्यांच्यामागे मोठे संघ होते आणि त्यांच्यावर जगभरच्या संशोधकांचा डोळा होता. एका जागी चूक सापडली की एका जागी सुधारायची. मग २००८ मध्ये आधी आयफोनचं आणि पाठोपाठ अँड्रॉइडचं ॲप स्टोअर उघडलं, आणि टीसीची नोकरी लाखो नवख्यांकडे गेली.

गप्प बसणं म्हणजे होकार

ब्राउझरमध्ये निदान कुलूप दिसतं. सर्टिफिकेट चुकलं, तर पानभर इशारा येतो. ॲपमध्ये कुलूप दाखवायची जागाच नसते. आत काय तपासलं जातं, ते फक्त प्रोग्रामरला ठाऊक. आणि कधीकधी त्यालाही नाही.

अँड्रॉइडवर ॲप लिहिणाऱ्याला सर्टिफिकेट तपासण्याची स्वतःची रीत लिहायची मुभा होती. तिचा ढाचा असा, की काही खटकलं तर रीतीने आक्षेप घ्यायचा. आक्षेप घेतला नाही, तर सर्टिफिकेट मान्य. म्हणजे त्या जागी काहीही न लिहिता दोन रिकामे कंस ठेवले, तर जगातलं प्रत्येक सर्टिफिकेट मंजूर. दारावर पहारेकरी बसवलेला दिसतो, पण तो मुका आहे. जर्मन संशोधकांना असे रिकामे कंस पुन्हा पुन्हा सापडले.

त्याच वर्षी, २०१२ मध्येच, अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या आणि स्टॅनफर्डमधल्या सहा जणांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मार्टिन जॉर्जिएव्ह, सुबोध अय्यंगार, सुमन जाना, ऋषिता अनुभाई, डॅन बोने आणि व्हिताली श्मातिकोव्ह हे त्याचे लेखक. निबंधाच्या शीर्षकात त्यांनी सर्टिफिकेट तपासणाऱ्या कोडला जगातला सर्वांत धोकादायक कोड म्हटलं होतं. त्यांनी ब्राउझर सोडून बाकीचं सॉफ्टवेअर तपासलं: अमेझॉनची क्लाउडसाठीची जावा लायब्ररी, अमेझॉन आणि पेपाल यांनी व्यापाऱ्यांना पैसे घेण्यासाठी दिलेले कोडसंच, त्यांवर उभी असलेली ऑनलाइन दुकानांची सॉफ्टवेअरं, चेस बँकेचं मोबाइल ॲप. या सगळ्यांना तोतयाने फसवता येत होतं.

त्यांतलं एक उदाहरण मुद्दाम सांगण्यासारखं आहे. कर्ल नावाची एक लायब्ररी आहे. डॅनियल स्टेनबर्ग हा स्वीडिश प्रोग्रामर ती वर्षानुवर्षं सांभाळतो आहे, आणि जगातल्या असंख्य उपकरणांत ती आहे. सर्टिफिकेटवरचं नाव तपासायचं की नाही, यासाठी तिच्यात एक खटका होता. त्याच्या तीन जागा: ०, १ आणि २. शून्य म्हणजे नाव बघू नका. दोन म्हणजे नाव सर्व्हरशी जुळवून बघा. आणि एक म्हणजे सर्टिफिकेटवर कुठलं तरी नाव आहे एवढंच बघा, जुळतं का ते नको. काहीच केलं नाही, तर खटका आपोआप दोनवर असायचा.

आता सुरक्षेची काळजी असलेला प्रोग्रामर काय करेल? 'नाव तपासा' या सूचनेपुढे तो 'ट्रू', म्हणजे 'होय', असं लिहील. आणि संगणकाच्या लेखी 'होय' म्हणजे एक. खटका दोनवरून एकवर यायचा आणि तपासणी बंद पडायची. अमेझॉनच्या पैसे स्वीकारण्याच्या एका कोडसंचात नेमकं हेच झालं होतं. ज्याने काहीच केलं नाही तो सुरक्षित राहिला, आणि ज्याने सावधपणे 'होय' म्हटलं त्याने दार उघडं टाकलं. निबंधानंतर, नोव्हेंबर २०१२ मध्ये, कर्लने 'एक' ही जागा स्वीकारणंच बंद केलं.

निबंधाच्या लेखकांनी दोष देताना एकेकट्या प्रोग्रामरकडे बोट दाखवून थांबायचं नाकारलं. त्यांचा रोख होता लायब्ररींच्या रचनेवर. साधनच असं, की सरळ वाचून सरळ वापरणारा माणूस त्यात फसावा.

'सध्या चाचणीपुरतं'

पण प्रत्येक वेळी गोंधळच असतो असं नाही. अनेकदा तपासणी जाणूनबुजून बंद केलेली असते, आणि त्यामागचं कारण अगदी घरगुती असतं. ॲप बनत असताना प्रोग्रामरचा चाचणीचा सर्व्हर त्याच्याच टेबलावर असतो. त्याला विश्वासू संस्थेचं सर्टिफिकेट कोण देणार? तेव्हा पैसेही पडायचे. मग तो स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट वापरतो. ॲप ते नाकारतं, आणि ते बरोबरच असतं. काम अडतं, उद्या साहेबांना दाखवायचं असतं. दोन ओळी लिहून तपासणी बंद केली की ॲप झकास चालतं. सध्या चाचणीपुरतं, नंतर काढून टाकू.

ही नंतरची वेळ कशी येत नाही, ते अमेरिकेच्या व्यापार आयोगाने, म्हणजे फेडरल ट्रेड कमिशनने, २०१४ मध्ये नोंदवून ठेवलं आहे. लोकांची पतविषयक माहिती दाखवणारं क्रेडिट कर्मा आणि सिनेमाची तिकिटं विकणारं फँडँगो या दोन कंपन्यांवर त्याने कारवाई केली. आयोगाच्या तक्रारीनुसार क्रेडिट कर्माच्या कंत्राटदाराला चाचणीसाठी तपासणी बंद ठेवायची परवानगी दिली होती, आणि आयफोनचं ॲप लोकांपर्यंत गेलं तेव्हा तो कोड तसाच राहिला. एका वापरकर्त्याने कळवल्यावर तो काढला गेला. त्यानंतर महिनाभराने कंपनीने अँड्रॉइडचं ॲप आणलं, आणि त्यातही तीच खोट निघाली. फँडँगोच्या आयफोन ॲपमध्ये तर ती मार्च २००९ पासून फेब्रुवारी २०१३ पर्यंत होती. ही सगळी वर्षं ॲप ग्राहकांना सांगत होतं की तुमची माहिती सुरक्षित आहे. तडजोडीत दोन्ही कंपन्यांना पुढची वीस वर्षं, दर दोन वर्षांनी, बाहेरच्या तज्ज्ञांकडून सुरक्षेची तपासणी करून घेणं भाग पडलं.

त्याच सुमारास, फेब्रुवारी २०१४ मध्ये, ॲपललाही घाईघाईने एक दुरुस्ती सोडावी लागली. त्यांच्या कोडमध्ये 'चूक आढळली, आता शेवटाकडे जा' अशा अर्थाची एक ओळ चुकून दोनदा लागोपाठ आली होती. दुसरी ओळ कुठल्याही अटीविना चालायची. त्यामुळे सर्टिफिकेट दाखवणाऱ्याकडे त्याची खाजगी किल्ली खरोखर आहे का, ही शेवटची परीक्षा गाळलीच जायची, आणि निकाल मात्र 'सर्व ठीक' असा यायचा. आयफोनला आणि मॅकला तेव्हा कुणाच्याही ओळखपत्राची नुसती प्रत दाखवून फसवता येत होतं. लाखो लोक रोज ती उपकरणं वापरत होते, पण कुणाला काही जाणवलं नाही. जाणवणार तरी कसं? सगळं सुरळीत चालू होतं.

सही करणाराच बुडाला तर

इथवरच्या गोष्टींत ओळखपत्र देणारे प्रामाणिक होते आणि तपासणारे झोपलेले. पण तपासणारा जागा असूनही उपयोग होत नाही, असंही घडलं आहे.

तुमच्या फोनमध्ये शंभरावर मूळ संस्थांची यादी असते. फोनच्या लेखी त्या सगळ्यांची सही सारखीच, आणि एरवी त्यांतली कुठलीही संस्था कुठल्याही वेबसाइटचं सर्टिफिकेट देऊ शकते. नेदरलँड्समधल्या बेव्हरवाइक या गावातली डिजिनोटार ही अशीच एक छोटी संस्था होती. डच सरकारच्या अनेक सेवा तिच्या सर्टिफिकेटांवर चालत. २०११ च्या उन्हाळ्यात तिच्या संगणकांत घुसखोरी झाली आणि पाचशेहून जास्त खोटी सर्टिफिकेटं बनवली गेली. १० जुलैला बनलेलं एक सर्टिफिकेट गूगलच्या नावाचं होतं. १९ जुलैला कंपनीला घुसखोरी कळली. जी सर्टिफिकेटं सापडली ती तिने रद्द केली, पण जगाला सांगितलं नाही. गूगलचं सर्टिफिकेट तिच्या नजरेतून निसटलं होतं.

ऑगस्टच्या शेवटी इराणमधल्या एका माणसाने क्रोममधून जीमेल उघडलं आणि त्याला इशारा दिसला. तो इशारा बंद करून पुढे जाण्याऐवजी त्याने गूगललाच विचारलं, की हे काय आहे? क्रोमने हटकलं, कारण गूगलने थोड्याच काळापूर्वी त्यात एक जादा अट घातली होती: आमच्या स्वतःच्या साइटसाठी सगळ्या संस्था चालणार नाहीत, फक्त या मोजक्याच. इतर ब्राउझरांना ते सर्टिफिकेट अस्सल वाटत होतं, कारण सहीच्या हिशेबाने ते अस्सलच होतं. पुढे फॉक्स-आयटी या कंपनीच्या चौकशीत दिसलं, की सुमारे तीन लाख इंटरनेट पत्त्यांना हे खोटं सर्टिफिकेट दाखवलं गेलं होतं, आणि त्यांतले ९९ टक्क्यांहून जास्त इराणमधले होते. २००९ च्या निवडणुकीनंतरच्या आंदोलनांना तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. आपला पत्रव्यवहार परक्या हाती पडणं म्हणजे काय, हे तिथल्या लोकांना समजावून सांगायची गरज नव्हती.

डच मंत्र्यांना मध्यरात्रीनंतर पत्रकार परिषद घेऊन सांगावं लागलं, की सरकारचा डिजिनोटारवर भरवसा उरलेला नाही. सप्टेंबर संपण्याआधी कंपनी दिवाळखोरीत निघाली.

ही परदेशातली गोष्ट वाटत असेल, तर जुलै २०१४ आठवू. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवर एक नियंत्रक असतो. त्याच्या हाताखाली सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजेच एनआयसी, सर्टिफिकेटं देत असे. २ जुलैला गूगलच्या लक्षात आलं, की गूगलच्या काही साइटच्या नावाने एनआयसीची सही असलेली सर्टिफिकेटं फिरत आहेत. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकाने एनआयसीचे ते अधिकार रद्द केले. सर्टिफिकेट देण्याच्या एनआयसीच्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं आणि चार खोटी सर्टिफिकेटं दिली गेल्याचं त्याने गूगलला कळवलं. त्यापलीकडचीही काही आपल्याला आढळल्याचं गूगलने म्हटलं, आणि भारतीय नियंत्रकाखालची सर्टिफिकेटं क्रोममध्ये सरकारी व आणखी मोजक्या डोमेनांपुरतीच चालतील असं ठरवून टाकलं.

या प्रकरणातला बारकावा असा. भारतीय नियंत्रकाचं नाव मायक्रोसॉफ्टच्या विश्वासू यादीत होतं. त्यामुळे विंडोजवरच्या बहुतेक प्रोग्रामांनी ती खोटी सर्टिफिकेटं डोळे झाकून मानली असती. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र होती, त्यात हे नाव नव्हतं, म्हणून तो वाचला. क्रोम आपल्या जादा अटीमुळे वाचला. ॲप किती सुरक्षित, हे त्याने यादी कुणाची घेतली यावर ठरलं, आणि ही यादी कुणाची हे वापरणाऱ्याने कधी विचारलेलंही नसतं.

चावडीवाचन

डिजिनोटारनंतर गूगलमधल्या बेन लॉरी आणि ॲडम लँगली यांनी एक उपाय मांडला. २०१३ मध्ये त्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. आपल्या गावांत सातबाऱ्याचं चावडीवाचन होतं. नोंदी सगळ्यांसमोर वाचल्या जातात, म्हणजे कुणाची जमीन भलत्याच्या नावावर चढली असेल, तर त्याला उभं राहून हरकत घेता येते. सर्टिफिकेटांचंही तसंच करायचं. दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक वहीत नोंदवायचं. या वहीत फक्त भर घालता येते, खाडाखोड करता येत नाही. आपल्या नावाने भलतं सर्टिफिकेट निघालं, तर मालकाला ते वहीत दिसतं. एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटसाठी क्रोमने ही नोंद सक्तीची केली.

ॲप्सच्या बाजूनेही दारं बंद होत गेली. २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७ पासून, कुणी फोनमध्ये बाहेरून घुसवलेल्या संस्थेवर ॲप्स आपोआप विश्वास ठेवत नाहीत. चाचणीसाठी वेगळी सूट हवी असेल, तर ती वेगळ्या फाइलमध्ये मांडायची सोय झाली, म्हणजे ती खऱ्या ॲपबरोबर बाहेर जात नाही. रिकाम्या कंसांचा मुका पहारेकरी असलेली ॲप्स गूगल प्ले त्याच वर्षापासून अडवू लागलं. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था सर्वांना मोफत सर्टिफिकेटं देऊ लागली, आणि 'पैसे पडतात' ही सबब संपली.

पण कडक तपासणीची किंमतही असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी, लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं ज्या जुन्या मूळ सर्टिफिकेटच्या आधारावर चालत, त्याची मुदत संपली. त्या दिवशी जुने आयफोन, जुने मॅक आणि जुनं सॉफ्टवेअर चालवणारे कित्येक सर्व्हर धडधाकट वेबसाइटनाही नाकारू लागले. चोर कुणीच नव्हता, तिकिटाची तारीख तेवढी उलटली होती. आता तर मुदती आणखी आखडत चालल्या आहेत. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट संस्था यांच्या मंचाने २०२५ मध्ये ठरवल्यानुसार, मार्च २०२९ पासून सर्टिफिकेटची मुदत जास्तीत जास्त ४७ दिवस असेल. चोरीचं सर्टिफिकेट लवकर निकामी व्हावं हा हेतू. पण नूतनीकरण चुकलं की ॲप बंद पडणार, फोन खणखणणार, आणि कुणीतरी म्हणणार, सध्यापुरती तपासणी बंद करा ना.

हा मोह होतो, कारण चालू असलेली तपासणी त्रास देते आणि बंद पडलेली तपासणी आवाज करत नाही. क्रेडिट कर्माचं ॲप उघडत होतं, फँडँगोवर तिकिटं मिळत होती, अँटिव्हायरस ॲप व्हायरस शोधत होतं. चांगल्या ॲपमध्ये आणि फसलेल्या ॲपमध्ये वापरणाऱ्याला काडीचा फरक दिसत नव्हता. तो दिसण्याची एकच रीत आहे, आणि संशोधकांनी तीच वापरली: मुद्दाम खोटं सर्टिफिकेट पुढे करायचं आणि ॲप नकार देतं का ते पाहायचं.

हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वाय-फायवर बँकेचं ॲप कधीकधी 'सुरक्षित जोडणी होऊ शकत नाही' असं सांगून अडून बसतं. आपण वैतागतो, स्टोअरवर जाऊन एक तारा देतो. ॲप बनवणाऱ्या टेबलावरही हाच वैताग पोचतो आणि तिथे कुणाचा तरी हात त्या दोन ओळींकडे वळतो. त्यामुळे तारे देण्याआधी एवढं लक्षात असू द्यावं, की त्या क्षणी ॲपने समोरच्याला 'तू कोण?' असं विचारलेलं असू शकतं, आणि त्याला उत्तर पटलेलं नसतं.